मुंबईला केलेला फोन

"ताई, एक बोलायचं होतं. आधी आईंना कुशीवर करते, मग बोलते."

राजमणीने एक हात आईच्या पाठीखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि तोंडाने नुसतं 'हां, हां' करत तिला डाव्या कुशीवर वळवलं. पाठीला उशी लावली. आईने डोळेसुद्धा उघडले नाहीत. हेच मी करायला गेले की ती कण्हायची.

मी ऑफिसची पिशवी भरत होते. सोलापूर जिल्हा परिषदेत मी तेव्हा वरिष्ठ सहायक होते. लग्न केलं नव्हतं, भाऊ बंगळूरला. आईला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली होती आणि ते घर राजमणी यन्नमच्या दोन हातांवर चाललं होतं. सकाळी साडेआठला यायची, मी परतले की संध्याकाळी जायची. रविवारी सुट्टी.

"बोल की," मी म्हणाले.

"मी मस्कतला जावं म्हणते."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "कुठं?"

"मस्कत. आमच्या विडी घरकुलातली एक बाई गेली की मागच्या वर्षी. म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं काम. महिना नऊ हजार, खाणं-राहणं त्यांचंच. दोन वर्षांचा करार." तिने पदराने हात पुसले. "एजंट पन्नास मागतो. दहा माझ्याजवळ हायत. चाळीस कमी पडतात."

मी तिला महिना अडीच हजार देत होते. तिचा नवरा यंत्रमागावर होता, छातीच्या आजाराने गेला. मुलगी भारती अकरावीत. पोरीला नर्स करायचं एवढंच राजमणीच्या डोक्यात असायचं. मला हे सगळं माहीत होतं. तिच्या नवऱ्याच्या दवाखान्याच्या खर्चालाही मी थोडेफार दिले होते आणि ते तिने फेडले होते.

"देते मी," मी म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की तिला खरं वाटेना. "तिथनं पहिल्या महिन्यापासून पाठवते बघा, ताई. आणि आईंकडं माझ्या जावेला लावून देते. चांगली हाय ती."

"ते बघू. आधी तो एजंट खरा का खोटा ते मला बघून येऊ दे. पैसे असे हवेत नाही टाकायचे."

"तेच म्हणणार होते. तुम्ही बघितलं म्हणजे झालं. मला काय कळतंय त्या कागदातलं?"

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्या ऑफिसात गेले. कन्ना चौकाच्या अलीकडे, एका साड्यांच्या दुकानावरचा पहिला मजला. टेबलामागे चाळिशीतला एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मी सरकारी नोकरीत आहे म्हटल्यावर त्याने चहा मागवला. भिंतीवर नोंदणीचा कागद फ्रेम करून लावला होता. मी त्यावरचा नंबर पिशवीतल्या वहीत उतरवून घेतला.

"घ्या की, बिनधास्त घ्या," तो म्हणाला. "मुंबईला फोन करून विचारा. आपलं काम एकदम चोख आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या दिवशी सकाळी मी आईला भरवायला बसले ती साडेनऊला. ज्वारीच्या कण्या, त्यात ताक. पहिला चमचा तिने घेतला आणि गालात धरून ठेवला. मी गिळ म्हटलं, ओरडले, मग समजूत काढली. तिने तोंड मिटलं ते मिटलंच. साडेबारापर्यंत वाटी अर्धीसुद्धा झाली नाही. राजमणीच्या आधी दोन बायका ठेवून झाल्या होत्या, त्यांच्या हातूनही ती खात नसे. राजमणी तिला तेलुगूत काहीतरी सांगत भरवायची. घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या तिच्या वसाहतीतली, भांडणं असावीत. आईला तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं, पण तिच्या तोंडाकडे बघत बघत ती सगळं संपवायची.

सोमवारी मी ऑफिसातून मुंबईला फोन केला. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटांची नोंद ठेवणारं सरकारी ऑफिस तिथे आहे. पलीकडचा कारकून चांगला निघाला, रजिस्टर काढून दहा मिनिटं बोलला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा राजमणी आईचे केस विंचरत होती. माझ्याकडे बघून हातातला कंगवा तिने तसाच धरला.

"काय म्हणाले?"

"तो नंबर त्यांच्या रजिस्टरात नाही, राजमणी. बोगस आहे तो माणूस."

तिने कंगव्यात अडकलेले केस काढले. मग म्हणाली, "पण आमच्या शेजारची त्याच्याकडनंच गेली की, ताई."

"तिचं नशीब चांगलं म्हणायचं. उद्या तू विमानतळावर अडकलीस, नाहीतर तिकडे गेल्यावर काही झालं, तर तक्रार कुणाकडे करणार? सरकारात त्याचं नावच नाही."

"हां. खरंय ते." तिने आईची वेणी घातली, टोकाला काळा दोरा बांधला. "बरं झालं तुम्ही बघितलं ते."

पुढचे पंधरा दिवस ती नेहमीसारखी येत राहिली. मी तिचा पगार पाचशेने वाढवला. तिने पैसे घेतले आणि कमरेच्या पिशवीत ठेवले. मला वाटलं विषय संपला.

मार्चअखेरीला ऑफिसात माझ्या कामाचा नुसता ढीग होता. एका संध्याकाळी उशीर करून आले तर ती दारातच चपला घालून उभी होती.

"ताई, मी पैसे भरले."

"कसले?"

"एजंटाचे. आमच्या गल्लीत एक जण देतो, शेकडा पाचनं. त्याच्याकडनं घेतले."

शेकडा पाच म्हणजे दर महिन्याला पाच टक्के. चाळीस हजारांवर महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुला सांगितलं होतं ना मी? तो खोटा आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं की."

"मग?"

"खोटा असला तर बुडेन, ताई. इथं तरी कुठं तरतेय? भारती पुढच्या वर्षी बारावीला. नर्सिंगची फी कोण देणार?" तिचा आवाज चढला नव्हता. "पंधरा तारखेला विमान हाय. जाऊबाई सोमवारपासनं येईल."

"मग जा," मी म्हणाले. "पण उद्या काही झालं तर माझ्या दारात रडत येऊ नकोस."

हे मी आईसमोर बोलले. राजमणीने चपला काढून आत येऊन आईच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि ती गेली.

तिची जाऊ माणूस म्हणून चांगलीच होती, पण आई तिच्या हातून खाईना. मे महिन्यात डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. जुलैत आई गेली. भाऊ आला, दिवस करून परत गेला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी राजमणीची गोष्ट सांगायचे: इतकं केलं तिच्यासाठी, चौकशीला स्वतः गेले, बोगस आहे म्हणून सांगितलं, तरी गेली. लोक च्‌च्‌ करायचे. आमच्या सोसायटीत ही गोष्ट इतकी पसरली की मलाही ती तशीच पाठ झाली.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. दारात राजमणीचा थोरला भाऊ अंबादास उभा होता. टॉवेलच्या कारखान्यात होता तो, आधी एकदोनदा पाहिलेला. त्याच्यामागे भारती, आणि तिच्यामागे राजमणी. मी तिला क्षणभर ओळखलं नाही. ती निम्मी झाली होती आणि डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता.

"आत या," मी म्हणाले.

राजमणी आत आली आणि आईचा पलंग असायचा त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तिथे आता शिलाई मशीन होतं.

"जावेनं सांगितलं मला," ती म्हणाली.

सगळं अंबादासच बोलला. म्हाताऱ्या बाईला सांभाळायचं म्हणून नेलं आणि अकरा माणसांच्या घरात कामाला लावलं. पहाटेपासून रात्रीपर्यंत. तीन महिने पगार दिला, तो इकडच्या व्याजात आणि घरखर्चात गेला. मग पगार बंद. दुसऱ्या घरी पाठवलं, मग तिसऱ्या. पासपोर्ट मालकाकडे. तिसऱ्या घरात उकळत्या तेलाने हात भाजला, तेव्हा शेजारच्या केरळच्या नर्सबाईने तिला आपल्या वकिलातीपर्यंत पोचवलं. तिथून दोन महिन्यांनी घरी.

"आणि इथला तो एजंट?"

"तो म्हणतो, तिकडच्या मालकानं काय केलं त्याला मी काय करू, तूच सही केलीस." अंबादास बहिणीकडे वळला. "पण दोष कुणाला द्यायचा, साखरेताई? तुम्ही स्वतः जाऊन बघून आला होता. सरकारात नाव नाही म्हणून तोंडावर सांगितलं होतं. हिनं ऐकलं का? आता तक्रार करायची तर कुणाकडं? पोलीस म्हणतील, बोगस माणसाला पैसे दिलेस, तूच येडी. पोरगी शाळा सोडून विड्या वळतीय व्याजासाठी. वर्षभर!"

भारती खाली बघत होती. तिच्या बोटांच्या टोकांना तंबाखूचा पिवळेपणा चढला होता.

"पाया पड ताईंच्या," अंबादास म्हणाला. "माफी माग. आणि विचार, परत कामावर घेता का. घरातलं काहीपण करेल ती, ताई."

राजमणी पुढे आली. तिने पदर खांद्यावरून घेतला आणि वाकली. तिची बोटं माझ्या पावलांना लागायच्या आत मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"नको."

"असू द्या, ताई. चुकलंच माझं."

"तुझं नाही चुकलं," मी म्हणाले. "ते ऑफिस खोटं नव्हतं, राजमणी."

कुणाला काही कळलं नाही. अंबादास म्हणाला, "काय म्हणताय?"

"मी मुंबईला फोन केला होता. नंबर त्यांच्या रजिस्टरात होता. नोंदणी खरी होती, आणखी दोन वर्षं चालणार होती. त्या कारकुनाने मला हेही सांगितलं होतं की अशा एजंटाची अनामत सरकारकडे ठेवलेली असते आणि बाईला तिकडे त्रास झाला तर लेखी तक्रार करता येते. मी तुला उलटं सांगितलं."

अंबादासच्या तोंडातून एक शिवी निघाली. ती मला होती का कुणाला, हे मी विचारलं नाही. राजमणी अजून अर्धवट वाकलेलीच होती. ती सरळ झाली आणि मागे सरून भिंतीला टेकून खाली बसली.

"कधी कळलं तुम्हाला हे?"

"त्याच दिवशी. तू वेणी घालत होतीस तेव्हा मला माहीत होतं."

"आईंसाठी केलं?"

"हो." मग म्हणाले, "माझ्यासाठी पण. मला ते जमत नव्हतं."

बाहेर सोसायटीत कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. राजमणी बोलली, पण ओरडून नाही.

"नको जाऊ म्हणायचं होतं की, ताई. पैसे देत नाही म्हणायचं. माझ्या आईला सोडून जाऊ नको म्हणायचं. मी थांबले असते का नसते, ते मला ठरवू द्यायचं होतं."

माझे पाय अजून खुर्चीखालीच होते.

"चल," अंबादास म्हणाला. "ऊठ भारती. पाणीसुद्धा प्यायचं नाही इथलं."

भारती उठली. राजमणी उठली नाही.

"तक्रार करता येते म्हणाला ना तुम्ही?" तिने मला विचारलं.

"येते. कागद काय काय आहेत?"

"पावती हाय. कराराची झेरॉक्स हाय. भारतीनं जपून ठेवलंय सगळं."

"मग मी लिहून देते."

"लिहा," ती म्हणाली. अंबादास दारात उभा राहिला, पण गेला नाही.

मी टेबलाशी बसले. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्जच तपासले होते, त्यामुळे मजकूर कसा असावा हे मला ठाऊक होतं. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. कोणत्या तारखेला पोचली, पहिल्या घरात किती माणसं, किती वाजता उठायचं, पगार कधी थांबला. हात कसा भाजला ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. मी पुन्हा विचारलं तेव्हाही दोनच वाक्यांत. मधे भारतीने स्वयंपाकघरातून पाणी आणलं. अंबादास ते प्यायला नाही. राजमणी प्यायली.

तीन पानं झाली. मी तिला सगळं वाचून दाखवलं.

"यात तुमचं पण लिहा," ती म्हणाली.

"माझं काय?"

"तुम्ही फोन केला होता, नोंदणी खरी होती, आणि मला खोटी हाय म्हणून सांगितलं."

"त्याचा या तक्रारीशी संबंध नाही, राजमणी. तिथं त्याची गरज नाही."

"मला हाय."

मी पेन उचललं. शेवटच्या परिच्छेदाच्या खाली, जागा उरली होती तिथे, ते लिहिलं. तारखेसह. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. लिहून झाल्यावर तेही वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि आपली सही केली, मराठीत, एकेक अक्षर सुटं.

निघताना ती उंबऱ्याशी थांबली. "ताई, त्या वेळी तुम्ही चाळीस देते म्हणाला होता."

"हो."

"आता द्या. त्या शेकडा पाचवाल्याचं तोंड बंद करते. तुम्हाला महिन्याला हजार देईन. व्याज सांगा काय ते."

"व्याज नको."

"बँकेचं असतं तेवढं लावा. फुकट नको."

सोमवारी मी बँकेतून पैसे काढून दिले. कामावर परत यायचं तिने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. महिन्याभराने तिला एका खाजगी हॉस्पिटलात मावशीचं काम मिळालं. भारती जूनमध्ये परत कॉलेजात गेली. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला ती मुलगी येऊन दारातच पैसे द्यायची, मी आत ये म्हटलं तरी आत यायची नाही.

तक्रारीचं उत्तर यायला पाच महिने लागले. मग दोनदा कागद मागवले आणि डिसेंबरात मुंबईला सुनावणीला बोलावलं. अंबादासला रजा मिळाली नाही. आम्ही दोघीच गेलो. सगळा प्रवास ती खिडकीशी बसून होती, मी समोर. तिने बरोबर आणलेल्या कडक भाकरीतली एक मला दिली.

सुनावणीला तो इस्त्रीच्या शर्टाचा माणूस आला होता, बरोबर वकील. अधिकाऱ्यांनी आमचा अर्ज पुन्हा सबंध वाचला. शेवटच्या परिच्छेदाशी थांबले आणि चष्मा वर केला.

"हे काय लिहिलंय? याचा प्रकरणाशी काही संबंध नाही. काढून टाकायचं का?"

ते माझ्याकडे बघत होते. मी राजमणीकडे पाहिलं.

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली.

"तुम्ही हिच्या कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी अर्जावरच्या माझ्या सहीकडे पाहिलं. राजमणीनेच सांगितलं, "मी यांच्याकडे कामाला होते."

त्या दिवशी तडजोड झाली. फी पूर्ण परत आणि चार महिन्यांचा पगार. आम्ही आठ महिन्यांचा मागितला होता. राजमणीने थोडा वेळ विचार करून हो म्हटलं. पुढे ते पैसे खरंच आले, दोन हप्त्यांत. माझं उरलेलं कर्ज तिने त्यातून एकदम फेडलं, व्याजासकट. भारती आज सोलापुरातच नर्स आहे असं ऐकते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सुनावणी संपली तेव्हा दोन वाजले होते. गाडीला वेळ होता. स्टेशनबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. लाकडी बाकावर ती माझ्या शेजारी बसली, मधे तिची कागदांची पिशवी.

"ताई, आई माझं नाव काढायच्या का हो? मी गेल्यावर?"

आईला शेवटपर्यंत थोडे शब्द येत होते. माझं नाव, भावाचं नाव, पाणी, नको. हो म्हणणं इतकं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "पहिले आठ दिवस सकाळी दाराकडे बघायची. मग तेही बंद झालं. नाव नाही काढलं."

राजमणीने बशीतला चहा संपवला. बशी बाकावर ठेवली.

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही हां म्हणाला असता तर मला ते खरं वाटलं नसतं."

मग तिने पिशवी उचलली आणि आम्ही फलाटाकडे निघालो.